हे कोणाचं काम?

मराठी विकिपीडियावरचा 'कोल्हापूर जिल्हा' हा लेख उघडा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत त्याचं नाव स्वच्छ देवनागरीत दिसेल. आता तोच पत्ता कॉपी करून कोणाला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला जा. बहुतेक वेळा नावाच्या जागी टक्क्यांची चिन्हं, रोमन अक्षरं आणि आकडे यांची लांबच लांब माळ उमटते. ही माळ एकदा मी मोजली. १३६ चिन्हं भरली.

हा आकडा आला कुठून? 'कोल्हापूर जिल्हा' लिहिताना संगणक १५ देवनागरी चिन्हं वापरतो. क हे एक, त्यावरचा ओकार दुसरा, ल तिसरा, त्याचा पाय मोडणारा हलन्त चौथा, असं करत करत पंधरा. यांतलं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहावी लागते: एक टक्का आणि त्यामागे दोन अक्षरं किंवा आकडे. १५ गुणिले ९ म्हणजे १३५. दोन शब्दांमधली मोकळी जागा राहिली, तिथे एक अधोरेषा. झाले १३६.

म्हणजे एकाच लेखाचं नाव तीन वेशांत वावरतं. वाचकासमोर ते 'कोल्हापूर जिल्हा' असतं. डेटाबेसमध्ये मोकळ्या जागेऐवजी अधोरेषा घेऊन राहतं. पत्त्यात ते १३६ चिन्हांचं होतं. शिवाय या लेखाबद्दल संपादकांची चर्चा जिथे चालते त्या पानाचं नाव 'चर्चा:कोल्हापूर जिल्हा'. तो चौथा वेश. आपण दुव्यावर बोट ठेवतो आणि यातलं काहीही आपल्याला जाणवत नाही. कुठेही गफलत न होता योग्य जागी योग्य वेश चढतो.

हे सगळं ध्यानात ठेवायचं काम कोणाचं?

या साध्या प्रश्नातच ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचं सगळं मर्म आहे, असं मला वाटतं. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस आधी 'आता पुढे काय करायचं?' असं विचारत होता. 'हे कोणाचं काम?' असं तो ज्या दिवशी विचारू लागला, त्या दिवशी प्रोग्रॅम लिहिण्याची रीतच बदलली.

नावाला जीव येतो तेव्हा

विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याचं नाव मीडियाविकी. ते पीएचपी या भाषेत लिहिलेलं आहे, आणि कोणीही उघडून वाचावं असं खुलं आहे. समजा, ऑब्जेक्ट नावाची सोयच नसती. मग लेखाचं नाव म्हणजे नुसती अक्षरांची ओळ. ती ओळ प्रोग्रॅममधून फिरत राहणार, आणि ज्या ज्या ठिकाणी ती वापरायची तिथे तिथे लिहिणाऱ्याने आठवण ठेवायची: इथे अधोरेषा घाला, इथे काढा, इथे टक्क्यांच्या भाषेत बदला. अशा हजार जागांपैकी एका जागी विसर पडला की तिथला दुवा तुटला. पुढे नियम बदलला, तर हजारही जागा शोधत फिरायचं.

मीडियाविकीत असं होत नाही, कारण तिथे 'टायटल' नावाचा क्लास आहे. क्लास म्हणजे साचा. नाव म्हणजे काय, त्याला काय माहीत असतं, ते काय काय करू शकतं, हे त्यात एकदाच लिहून ठेवलेलं असतं. त्या साच्यातून 'कोल्हापूर जिल्हा' हे एक नाव घडवलं की तो झाला ऑब्जेक्ट. 'पंढरपूर' घडवलं की दुसरा ऑब्जेक्ट. साचा एक, मूर्ती अनेक. प्रत्येक मूर्तीजवळ स्वतःची माहिती असते, आणि ती माहिती कशी वापरायची याचं ज्ञानही तिच्याचजवळ असतं.

मग बाकीच्या प्रोग्रॅमला अधोरेषांची चिंता उरत नाही. त्याने फक्त विचारायचं: डेटाबेससाठी तुझं नाव सांग. पत्त्यासाठी सांग. तुझं चर्चापान कोणतं ते सांग. पीएचपीत हे विचारणं एका बाणाने लिहितात. आधी ऑब्जेक्ट, मग आडवी रेघ आणि टोक जोडून केलेला -> असा बाण, आणि पुढे कामाचं नाव. या कामाला म्हणतात मेथड. पहिल्यांदा असा कोड वाचताना मला तो बाण एखाद्या माणसाला हाक मारल्यासारखा वाटला होता. आजही तो तसाच वाचावा.

याहून सुंदर गोष्ट जन्माच्या वेळी घडते. लेखाच्या नावात चौकटी कंस चालत नाहीत, महिरपी कंस चालत नाहीत, आणि नाव २५५ बाइटपेक्षा लांब असून चालत नाही. देवनागरीच्या हिशेबात ही मर्यादा होते ८५ चिन्हांची. बाहेरून आलेलं नाव यांतला एखादा नियम मोडत असेल, तर टायटलचा ऑब्जेक्ट जन्मालाच येत नाही. दारातच नकार मिळतो. त्यामुळे या दारातून आलेला टायटलचा ऑब्जेक्ट पुढे प्रोग्रॅममध्ये कुठेही हाती आला, की तो तपासून घेतलेला आहे असा भरवसा धरता येतो. नियम एकाच दारावर सांभाळला जातो आणि आतलं सगळं घर निर्धास्त राहतं. माहिती आणि तिचे नियम एकाच वेष्टनात बांधण्याच्या या गुणाला एन्कॅप्सुलेशन म्हणतात. शब्द अवघड असला तरी मागची कल्पना आपल्या ओळखीची आहे. ज्याची वस्तू, त्यानेच ती सांभाळावी.

टोलनाक्यावरचे ट्रक आणि बस

ही कल्पना वेबपेक्षा बरीच जुनी. तिचं गाव ऑस्लो. १९६०च्या दशकात तिथल्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन नीगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघं एका भाषेवर काम करत होते. खऱ्या जगातल्या हालचालींची प्रतिकृती संगणकात उभी करायची, हा त्यांचा हेतू. रांगा, यंत्रं, वाहतूक असं सगळं. सिम्युलेशनची भाषा म्हणून तिचं नाव सिम्युला.

१९६६ सालाच्या अखेरीस दोघं एका छोट्याशा उदाहरणाशी झगडत होते. पुलावरचा टोलनाका. त्यापुढे वाहनांची रांग, आणि रांगेत ट्रक आणि बस. ट्रक वेगळा, बस वेगळी. एकात माल, दुसरीत माणसं. पण रांगेत उभं राहण्यापुरते दोघं सारखेच. मग रांगेचे नियम ट्रकसाठी एकदा आणि बससाठी पुन्हा एकदा कशाला लिहायचे? 'रांगेत उभी राहू शकणारी गोष्ट' हा साचा आधी लिहावा. त्यात वाहनाच्या सामाईक गोष्टी घालून पुढचा साचा करावा, आणि त्यात ज्याच्या त्याच्या खास गोष्टी मिळवून ट्रक आणि बस घडवावेत. एका क्लासच्या अंगावर दुसरा क्लास उभा करण्याची ही रीत म्हणजे इनहेरिटन्स, वारसा. या विचारातून जी भाषा तयार झाली ती सिम्युला ६७. संगणकशास्त्रातला २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार या दोघांना मिळाला. २००२च्या जूनमध्ये डाल गेले, ऑगस्टमध्ये नीगार्ड.

अमेरिकेत अ‍ॅलन के या तरुणाच्या हाती सिम्युला पडली. त्याचं शिक्षण गणित आणि रेण्वीय जीवशास्त्र या विषयांतलं. त्यामुळे ऑब्जेक्टकडे बघताना त्याला आठवली ती शरीरातली पेशी. प्रत्येक पेशीला स्वतःचं आवरण असतं. आतला कारभार तिचा तिनेच करायचा. शेजारच्या पेशीशी संबंध फक्त निरोपांपुरता. अशा अब्जावधी पेशी मिळून जर जिवंत देह चालतो, तर निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या स्वतंत्र ऑब्जेक्टांचा प्रोग्रॅम का चालू नये? ऑब्जेक्ट-ओरिएंटेड हा शब्दप्रयोग के यांचाच. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा या विचारावर उभारली.

पुढचा धागा मला फार आवडतो. स्मॉलटॉकमधली निरोपांची रीत ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेने उचलली. त्या भाषेवर नेक्स्ट नावाचा संगणक उभा राहिला. १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब ब्राउझर लिहिला, तो याच नेक्स्टवर आणि याच भाषेत. मागितलेली पानं पाठवणारा पहिला वेब सर्व्हरही त्याच यंत्रावर चालत होता. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी लाल शाईतली चिठ्ठी त्यावर डकवलेली होती. वेबच्या पाळण्यापाशी ऑब्जेक्ट पहिल्या दिवसापासून हजर होता. सर्व्हरच्या कामात रुळायला मात्र त्याला वेळ लागला.

झेरॉक्स आणि खाते क्रमांक

रासमुस लेरडॉर्फ ग्रीनलँडमध्ये जन्मला. १९९४ मध्ये आपला ऑनलाइन बायोडेटा कोण कोण बघतं हे कळावं म्हणून त्याने सी भाषेत काही छोटे प्रोग्रॅम लिहिले. ८ जून १९९५ रोजी ते सर्वांसाठी खुले केले. नाव ठेवलं 'पर्सनल होम पेज टूल्स'. पीएचपीची सुरुवात ही. इतक्या लहानशा गरजेतून जन्मलेल्या वस्तूत ऑब्जेक्ट असण्याचं कारणच नव्हतं.

इस्रायलमधल्या हैफा शहरी टेक्निऑन संस्थेतल्या दोन विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या एका प्रकल्पासाठी हे साधन हवं होतं. त्यांना ते अपुरं पडलं, म्हणून त्यांनी त्याचा गाभाच नव्याने लिहिला. झीव्ह सुरास्की आणि आंदी गुटमान्स ही त्यांची नावं. १९९८ मध्ये पीएचपी ३ आली आणि तिच्यासोबत क्लासही आले. त्या दोघांच्या हिब्रूची एक खूण पीएचपीत अजून आहे. क्लासला थेट हाक मारायला पीएचपीत :: असे जोड अपूर्णविराम लिहितात. भाषेच्या आतल्या यंत्रणेत या चिन्हाचं नाव आहे 'पामायिम नेकुदोतायिम'. हिब्रूत याचा अर्थ 'दोनदा अपूर्णविराम'. जगभरच्या कितीतरी प्रोग्रॅमरना हे शब्द एखाद्या चुकीच्या संदेशात भेटले आणि ते चक्रावून गेले.

पण ते सुरुवातीचे ऑब्जेक्ट अजून पुरते ऑब्जेक्ट झाले नव्हते. २००० साली आलेल्या पीएचपी ४ मध्येही एक मोठी अडचण होती. तुमच्याजवळचा ऑब्जेक्ट प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागाला दिला, की त्या भागाला त्याची प्रत मिळायची. बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स काढून भावाला द्यावी, त्याने झेरॉक्सवर भरणा नोंदवावा आणि मूळ पासबुक कोरंच राहावं, तशी गत. मूळ वस्तूच द्यायची असेल तर आठवणीने एक वेगळं चिन्ह घालावं लागे. त्यातही ऑब्जेक्टच्या आतल्या माहितीवर पडदा नव्हता. कोणीही बाहेरून हात घालून ती बदलू शकत होतं.

१३ जुलै २००४ रोजी पीएचपी ५ आली आणि हे चित्र पालटलं. आता पासबुकाची झेरॉक्स फिरत नाही, खाते क्रमांक फिरतो. क्रमांक कितीही जणांजवळ असला तरी खातं एकच. कोणीही त्यात भरणा केला तर तो सगळ्यांना दिसतो. दुसरी देणगी पडद्याची. ऑब्जेक्टमधलं काय सर्वांसाठी खुलं, काय फक्त वारसदारांसाठी, आणि काय निव्वळ स्वतःपुरतं, हे आता लिहून ठेवता येऊ लागलं. पेशीला खऱ्या अर्थाने आवरण आलं.

टिंबवाला आणि बिनटिंबाचा

आता पुन्हा विकिपीडियाकडे येऊ. त्याच्या आवृत्त्या ३००हून अधिक भाषांत आहेत आणि त्या सगळ्यांमागे हेच मीडियाविकी आहे. प्रत्येक भाषेची तऱ्हा निराळी. मराठी विकिपीडियावर आकडे देवनागरीत दिसतात. रोमन लिपीतल्या बहुतेक आवृत्त्यांत लेखाच्या नावाचं पहिलं अक्षर आपोआप मोठं, म्हणजे कॅपिटल, होतं. हे सगळं सांभाळायचं काम कोणाचं? 'लँग्वेज' या क्लासचं.

मराठीसाठी वेगळा क्लास लिहावा लागला नाही. सर्वसाधारण लँग्वेज क्लासचा एक ऑब्जेक्ट घडवायचा आणि त्याच्या हाती मराठीची माहिती ठेवायची: पडद्यावरचे शब्द, महिन्यांची नावं, आणि कोणत्या आकड्याच्या जागी ० ते ९ पैकी कोणता देवनागरी आकडा घालायचा त्याचं कोष्टक. साचा तोच, माहिती आपली.

तुर्कीचं प्रकरण मात्र निराळं. तुर्कीत 'आय' हे अक्षर दोन प्रकारचं आहे, टिंबवालं आणि बिनटिंबाचं. दोन्ही स्वतंत्र अक्षरं, दोन्हींचे उच्चार वेगळे. टिंबवाला आय मोठा झाला तरी त्याचं टिंब डोक्यावर राहिलंच पाहिजे. इंग्रजीच्या सवयीने मोठा केला तर टिंब गळून पडतं आणि अक्षरच बदलतं. इस्तंबूलचं स्पेलिंग याच टिंबवाल्या अक्षराने सुरू होतं. म्हणजे शहराचं नावच चुकणार.

इथे नुसती माहिती बदलून भागत नाही, वागणं बदलावं लागतं. म्हणून तुर्कीसाठी लँग्वेजचा एक वारस क्लास लिहिलेला आहे. पहिलं अक्षर मोठं करण्याचं काम तो आपल्या रीतीने करतो. बाकी बहुतेक वारसा जसाच्या तसा ठेवतो. फिनिश भाषेत विभक्तीचे प्रत्यय शब्दातल्या स्वरांशी जुळवून लावावे लागतात, म्हणून फिनिशचाही असा वारस आहे.

आता यातली खरी नवलाई बघा. नाव घडवणाऱ्या भागाला समोर कोणती भाषा आहे याचा पत्ताही नसतो. तो एवढंच सांगतो: पहिलं अक्षर मोठं कर. इंग्रजीचा ऑब्जेक्ट ते मोठं करतो. तुर्कीचा ऑब्जेक्ट टिंब सांभाळून मोठं करतो. मराठीच्या ऑब्जेक्टला देवनागरी नाव मिळतं, देवनागरीत लहान-मोठं अक्षर असा भेदच नाही, म्हणून तो नाव जसंच्या तसं परत देतो. निरोप एक, उत्तरं तीन, आणि तिन्ही बरोबर. 'तुर्की असेल तर असं कर, मराठी असेल तर तसं कर' अशी जंत्री त्या जागी लिहावी लागत नाही. याला पॉलिमॉर्फिझम म्हणतात, बहुरूपता. उद्या एखादी नवी भाषा आपली वेगळीच तऱ्हा घेऊन आली, तर तिच्यासाठी एक वारस लिहायचा. नाव घडवणाऱ्या कोडला हात लावायची गरज नाही.

ही बहुरूपता एका शिस्तीवर टिकते. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ मधल्या एका व्याख्यानात ती शिस्त मांडली. वारस क्लास मूळ क्लासच्या जागी उभा राहिला, तर विसंबलेल्याचा विश्वासघात होता कामा नये. तुर्कीने आपली रीत जरूर ठेवावी, पण अक्षर मागितलं असता अक्षरच द्यावं. २००८ सालचा ट्युरिंग पुरस्कार लिस्कॉव्ह यांना मिळाला. त्यांचा हा नियम मला घराण्याच्या गायकीसारखा वाटतो. शिष्याने आपली वाट काढावी, पण सूर सोडू नये.

क्षणभराचा जन्म

हे सगळं सर्व्हरवर घडतं म्हणजे नेमकं कसं, हे कळलं की आश्चर्य आणखी वाढतं. वेबचा सर्व्हर मुळात विसरभोळा आहे. ब्राउझरकडून रिक्वेस्ट येते, सर्व्हर पान पाठवतो, आणि वेबच्या नियमांपुरता तो विषय तिथेच संपतो. पुढच्या क्षणी तुम्हीच पुन्हा आलात, तरी त्याला तुम्ही अनोळखी. ओळख पटावी म्हणून ब्राउझर प्रत्येक खेपेला सोबत एक चिठ्ठी आणतो. तिला कुकी म्हणतात.

पीएचपीत हा विसर अगदी टोकाचा असतो. विकिपीडियावर आधीच तयार करून ठेवलेलं पान असेल, तर तेच उचलून तुम्हाला मिळतं. पण तुम्ही लॉगिन केलं असेल, किंवा लेख नुकताच बदलला असेल, तर पीएचपीचा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होतो. पत्त्यातल्या १३६ चिन्हांतून टायटलचा ऑब्जेक्ट जन्मतो. चिठ्ठी वाचून सदस्याचा ऑब्जेक्ट जन्मतो. मराठीचा ऑब्जेक्ट आपलं कोष्टक घेऊन उभा राहतो. ते एकमेकांना विचारतात, उत्तरं देतात, पान तयार होतं, ते तुमच्याकडे रवाना होतं. आणि लगेच सगळी स्मृती पुसली जाते. ते सगळे ऑब्जेक्ट नाहीसे होतात. त्यांचं अख्खं आयुष्य बहुतेकदा सेकंदाच्या एका अंशाचं. पुढच्या वाचकासाठी सगळं नव्याने.

जावासारख्या इतर भाषांत सर्व्हरवरचे काही ऑब्जेक्ट दिवसचे दिवस जगतात आणि हजारो रिक्वेस्टना पुरतात. त्यात वेग मिळतो, पण एका वाचकाची खासगी माहिती दुसऱ्याच्या पानात सांडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. पीएचपीचा ऑब्जेक्ट मरताना काहीच मागे ठेवत नाही, म्हणून ती काळजी तिथे बरीच हलकी होते.

मग इतक्या अल्पायुषी गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण ऑब्जेक्ट मरतात, क्लास उरतो. तो वर्षानुवर्षं राहतो, अनेक हातांनी घडतो. तुर्कीच्या टिंबाची काळजी ज्याने वाहिली त्याला देवनागरी वाचता येण्याची गरज नव्हती. मराठी आकड्यांचं कोष्टक भरणाऱ्याला तुर्कीचं टिंब ठाऊक असण्याची गरज नव्हती. दोघांनी आपापलं काम नीट केलं आणि दुसऱ्याच्या कामात हात घातला नाही. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांना मिळून एवढी मोठी वस्तू उभारता येते, ती कामाच्या अशा स्वच्छ वाटणीमुळे.

तुम्ही प्रोग्रॅमिंग शिकायला बसाल तेव्हा क्लास, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम हे शब्द एकदम अंगावर येतील. त्यांना घाबरू नका. प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारा, हे कोणाचं काम? उत्तर सापडलं की शब्द आपोआप आपल्या जागी बसतील.

आणि कोल्हापूरचा तो दुवा खरंच कोणाला तरी पाठवा. पलीकडे कोणी त्यावर बोट ठेवील. त्या १३६ चिन्हांमधून क्षणभरासाठी एक नाव जन्माला येईल, आपल्याला काय माहीत आहे ते सांगेल, आणि विरून जाईल. पडद्यावर उरेल ते फक्त 'कोल्हापूर जिल्हा'.